दिलीपच्या सुईचा वार

चहा गरम हाय तवर सांगते, आमच्या दिलीपच्या सुईचा वार कसा ठरला ते.

माझ्या लेकाच्या डोक्यातली गाठ काढली, तवापासनं त्याचं अंग पुरुषाचं हार्मोन बनवीत न्हाई. ते दर तीन आठवड्यांनी टोचून घ्यायचं. त्या दिवशी मी, दिलीप नि सून सुईसाठीच कामशेतच्या दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीणबाई म्हनल्या, "दिलीपभाऊ, डोस लहान करून दर आठवड्याला घेऊ या का? तिसऱ्या आठवड्यात कसं वाटतं?"

"बरं वाटतं की."

मी म्हनलं, "बाई, खोटं बोलतोय. सुई घेतली की भात लावताना चौघांच्या म्होरं असतो. तिसऱ्या आठवड्यात म्हस रेकली तरी उठत न्हाई."

"आये, गप की!" मग खाली बघत बोलला, "दर आठवड्याला हितं आलो, तर गाव विचारंल, कसली सुई."

बाई म्हनल्या, "मग घरीच टोचा. मी शिकवते."

मी पदर खोचला. "मी टोचीन. म्हशीला टोचलंय मी."

दिलीपचं तोंड पांढरंफटक पडलं.

आमची सून सुनीता डॉक्टरापुढं कधी बोलत न्हाई. ती म्हनली, "मला शिकवा. तिसऱ्या आठवड्यात ह्ये भिंतीकडं तोंड करून निजत्यात. मला वाटायचं, माझंच कायतरी चुकलं."

दिलीप तिच्याकडं बघतच राहिला.

बाईंनी विचारलं, "मग कुठला वार धरायचा?"

बायकोवरची नजर न काढता तो म्हनला, "आज कुठला हाय? तोच धरा."