कालव्याकाठच्या विहिरी

नवरा : ...आणि नकाशावरचे विहिरींचे हे सगळे निळे ठिपके ऑफिसातल्या त्या नव्या मुलीनेच लावले. एका दिवसात!

बायको : एका दिवसात? अरे वा. मला आठवडा लागला असता, नाही का?

नवरा : असं कुठे म्हणालो मी?

बायको : म्हणायला कशाला हवं? चेहराच उजळलाय तुझा.

नवरा : माझे आई, बाळंतपणाच्या रजेवर तू आहेस. तुझ्या जागी ऑफिसात कुणीतरी येणारच. नीट बघ ना जरा. वर्षभर पाण्याची पातळी मोजायला कुठल्या विहिरी घ्यायच्या, ते उद्या मंजूर होणार.

बायको : बघितलं. छान आहे.

नवरा : तू ‘छान’ म्हणालीस म्हणजे काहीतरी चुकलंय.

बायको : मी कशाला बोलू? मी आता लंगोट धुणारी बाई.

नवरा : तोंड फुगवू नकोस. सांग.

बायको : ठिपक्यांच्या शेजारून ही जाड रेघ जातेय, ती कसली?

नवरा : रस्ता... आणि त्याला लागून कालवा.

बायको : गाडीतून उतरलं की विहीर! चपलेला धूळ नको. अरे, कालव्याचं पाणी झिरपतं त्यांत. भर उन्हाळ्यातही भरलेल्या दिसतील. वरच्या माळावर मात्र तळ उघडा पडलेला असेल.

नवरा : म्हणजे कागदावर पाणीच पाणी.

बायको : आणि माळावरच्यांनी टँकर मागितला की तुम्ही म्हणणार, आकडे बघा!

नवरा : मग मघाशीच का नाही बोललीस?

बायको : आपटू दे म्हटलं तोंडावर. माझ्या खुर्चीत बसून साहेबांची शाबासकी घेते! हा आराखडा गाजला, तर मला कोण विचारणार परत?

नवरा : मग नको सांगूस. माळावरचे बसतील कोरडे.

बायको : ...लाव तिला फोन.

(फोन लागतो. नवरा तो स्पीकरवर ठेवतो.)

नवी : वहिनी! बाळ काय म्हणतंय?

बायको : बाळ मजेत. आणि वहिनी मी घरी. आत्ता कामाचं बोलतेय. निम्मे ठिपके कालव्याजवळून उचल, माळावर टाक. आणि पातळी सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी घ्यायची.

नवी : अय्या, माळावर तर चालत जावं लागेल!

बायको : जायचं. मी पोट घेऊन जात होते.

नवी : बाई गं! वाचवलंत हं मला. पण उद्या साहेबांनी विचारलं, हे कुणाला सुचलं, तर...

बायको : माझं नाव सांगायचं. आडनावासकट.