हिरव्या खोलीचं दार

दोन हजार एकोणीस साल, ऐन उन्हाळा, एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि मी माझ्याच घरात, हिरव्या खोलीत उभा राहून दार शोधतोय. तुम्हाला सांगतो, रंगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. शब्द दिलाय म्हटल्यावर म्हणणं कसलं? पण खोलीला दार असावं की नाही, आणि असलं तर ते दिसावं की नाही, एवढंच विचारतो.

शब्द कसला, तेही ऐका. त्याआधीच्या हिवाळ्यात शिडीवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं. पोरगा सकाळीच कामावर जायचा, म्हणजे उठवणं, बसवणं, भांडं देणं, सगळं सुनेनं केलं, आणि कपाळाला आठी नाही. मला कुणाचं ओझं ठेवायची सवय नाही. चालायला लागलो त्या दिवशी चारचौघांत म्हणालो, "सूनबाई, माग काय हवं ते." वाटलं, बांगड्या मागेल. तर म्हणाली, एकदा घराचे रंग मला ठरवू द्या. म्हटलं, दिलं. रंग म्हणजे काय हो? पांढरा, फार तर मळकट पांढरा. आणखी असतो काय?

असतो. बैठकीची खोली पिवळीजर्द आणि छत काळपट निळं. मी विचारलं, अगं, वरचं गडद आणि खालचं उजळ, घर उलटं टांगलंय का? तर म्हणे सगळे तसं करत नाहीत ना, म्हणूनच करायचं. आता सगळे पायांनी चालतात, म्हणून आपण काय हातांवर चालायचं? पण माझं काही म्हणणं नाही. स्वयंपाकघरातलं फडताळ आतून नारिंगी. आतून! कुणाला दाखवायला, डब्यांना? असो. माझं काही म्हणणं नाही.

मग ती हिरवी खोली. भिंती हिरव्या, छत हिरवं, कपाट हिरवं, दिव्याची बटणं हिरवी, आणि दार... मी सुतार. ते सागवानी दार माझ्या हातचं. त्यावर हिरवा रंग, कडीसकट. रंगारी दिवसभर माझ्याकडे बघेना. मी आत गेलो, वाऱ्यानं दार लागलं, वळलो तर चारी बाजूंना नुसतं हिरवं. चाचपत निघालो, एक मूठ लागली, ओढली, पाऊल टाकलं, तर कपाटात! जन्मभर मिरवत आलो की माझं दार चौकटीत असं बसतं की फटीत कागद जात नाही. ते किती खरं होतं, हे त्या दिवशी कळलं.

बाहेर पोरगा शेजाऱ्याशी बोलत होता. हाक मारायची? मी? गावभर दारं बसवली आणि आता ओरडू, की मला दार सापडत नाही? बसलो खुर्चीवर. खुर्चीही हिरवी. तीही ओली.

शेवटी सूनच आली. "बाबा, इथं काय करताय?"

"रंग बघतोय."

ती भिंतीकडे बघत राहिली. मीही बघितलं. अर्धवट वाळलेल्या रंगात माझे पंजे उमटलेले, कोपऱ्यापासून कपाटापर्यंत आणि परत. हात मागे घेतले. उशीर झाला होता.

ती हळूच म्हणाली, "कडीचा रंग खरवडून घेते. आणि तुमच्या खोलीला हात लावत नाही, बाबा. पांढरीच राहू दे."

तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही वाटलं, घटकाभर. घरात तेवढीच एक खोली उरली होती, जिथं दार कुठं, खिडकी कुठं, मला कळत होतं. पण घर म्हटलं की सगळं घर. तिनं काय माझी अर्धी तंगडी सांभाळली होती?

"कुठला लावणार होतीस?" मी विचारलं.

"वांगी."

"छताला?"

"छतालाही."

"मग लाव. काही सोडू नकोस."

मेच्या पहिल्या आठवड्यात लावला. भिंती वांगी, छत वांगी, दार वांगी. आता उताणा पडतो आणि भिंत कुठं संपते, छत कुठं सुरू होतं, काही उमगत नाही. माझं काही म्हणणं नाही.

शब्द फिटला.