आबांचा अंदाज

आमच्या निमगाव केतकीच्या आबांचं सांगतो. जत्रेत घोड्यांच्या शर्यती असल्या, की सकाळीच सगळे घोडे चालवून बघायचे आणि पहिला कोण येणार ते सांगायचे. तोच यायचा. यंदा त्यांचा स्वतःचा घोडाही पळणार होता.

मी विचारलं, "आबा, आपला कितवा?"

"शेवटचा. मागचा पाय जड टाकतोय."

घोड्यावर बसणार होता त्यांचा जावई. त्याचं तोंडच उतरलं.

दुपारी तोच घोडा पहिला आला. लोकांनी जावयाला गुलालानं माखलं, आबांना ढाल घ्यायला स्टेजवर बोलावलं. आबांनी ढालीकडं बघितलंसुद्धा नाही. माईक ओढून घेतला आणि शांतपणे म्हणाले,

"पाय जडच हाय त्याचा. बाकीचे घोडे आज पळालेच न्हायत."