सहाच्या गोळीची पेटी परत आणल्याबाबत जबाब

पोलीस चौकी, प्रकाशा, ता. शहादा
दि. १६/०१/२०२६

मी दाऊद निजाम पिंजारी, वय ४४ वर्षे, धंदा जीपचालक, रा. नंदुरबार, आज चौकीत स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी नंदुरबार ते शहादा प्रवासी जीप चालवतो.

आज दुपारी ३.४० वाजता नंदुरबारहून निघालो. गाडीत दवाखान्याच्या नर्स रूपाली मॅडम होत्या. त्या ४.३० वाजता प्रकाशाला उतरल्या. पुढे डामरखेड्याजवळ सीटखाली एक निळी पेटी सापडली. पेटीवर 'सील तुटल्यास औषध बाद' असे लिहिलेले असून खाली मोबाईल नंबर होता. तो सारखा व्यस्त लागला. मॅडम त्या वेळी याच चौकीला फोन करत होत्या, हे नंतर समजले.

प्रवासी नवनीत पाटील यांचे म्हणणे पडले की पेटी उघडून पत्ता पाहावा. फुलवंताबाई, वय अंदाजे ६५, रा. शहादा, यांनी पेटी मांडीवर घेतली. त्या म्हणाल्या, "कोन्हं तरी औसद शे ते. हात लावू नका."

मी गाडी मागे नेतो, ज्यांना घाई असेल त्यांनी दुसरी गाडी धरावी, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "आमले उतारू नको. सील तुटनं नही, हाई सांगाले कोणी पाहिजे ना." त्यामुळे नऊही प्रवासी परत आले. सर्वांचा जबाब लागत नाही असे सांगूनही कोणी गेलेले नाही. सध्या ते चौकीबाहेर उभे आहेत.

५.१० वाजता मॅडम चौकीतच भेटल्या, त्यांना पेटी दिली. त्यांनी सील दोन वेळा तपासले व त्या खाली बसल्या. त्यांना पाणी दिले. त्यांनी सांगितले की, क्षयाच्या औषधाने एचआयव्हीच्या औषधाचा जोर कमी होतो. दोन्ही आजार एकत्र असतानाही चालेल अशी एचआयव्हीची नवी गोळी तयार झाली असून तिचा अभ्यास सुरू आहे. गोळी रोज संध्याकाळी सहा वाजता घ्यायची असते. पेशंटकडची शेवटची गोळी काल संपली होती. सील तुटले असते तर दुसरी पेटी पुण्याहून यायला चार दिवस लागले असते. पेशंटचे नाव मॅडमनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

६.०५ वाजता चौकीत मॅडमचा फोन आला की पेशंटने गोळी वेळेवर घेतली. पेशंटचा निरोपही दिला, "गाडीवालाले सांगज्यात, मन्हं वजन सात किलो वाढनं." मला हसू आले. हवालदार साहेबही हसले.

भरलेली गाडी मागे का फिरवली, असे साहेबांनी विचारले. रोजच्या गोळीचा एक खाडा काय असतो, ते मी घरात पाहिले आहे. माझा धाकटा भाऊ सकलैन यास हेच दोन्ही आजार होते. तो सन २००८ मध्ये वारला. आम्ही लोकांना कावीळ सांगितली होती. हे लिहू का, असे साहेबांनी विचारले. मी लिहा म्हणालो.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना फुलवंताबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सर्व ऐकले. शहाद्यापर्यंत पुढच्या सीटवर माझ्याजवळच बसणार, असे त्या म्हणतात.

सही/-
दाऊद निजाम पिंजारी