सतरा नंबरचा दगड

रुखमाबाई : नाही म्हनतलं त नाही! या बंगल्यात मी पाय ठेवत नसतो. ही माही ट्रंक, अन ही मी. चारच्या एस.टी.पर्यंत इथीसाच पायरीवर बसतो.

हिंमतराव : अगं, हळू बोल. दोन दिवसांचा परवाना काढलाय. ओव्हरसियरला हा धरणावरचा सरकारी बंगला मिळत नसतो. साहेबांच्या मागं लागून लागून मिळवला.

रुखमाबाई : मंग रहा तुमी अन तुमचा परवाना! देऊळघाटले लगन हाय म्हने. मले नवं लुगडं नेसाले लावलं, जोडवे घासाले लावले. अन आनलं कुठी? त धरनावर! वीस वर्सं झाले लग्नाले, कधी कुठी हिंडाले नेलं नाही. अन नेलं त माह्या मायचं घर जिथी बुडालं, ते पानी पाहाले?

हिंमतराव : खरं सांगितलं असतं तर आली असतीस?

रुखमाबाई : नसती आली!

हिंमतराव : म्हणून नाही सांगितलं. बघ तरी एकदा. अश्विनात पाणी कसं निवळतं इथलं. बदकं उतरलीत. पलीकडं कपाशी फुटलीय...

रुखमाबाई : बदकं दाखोता मले? ते बदकं जिथी पोहून राह्यले ना, तिथी आमचा निंब होता. त्याच्या शेंड्यावरून पोहून राह्यले ते. लाज वाटत नाही मानसाले!

नजीर : सलाम साहेब. सलाम बाई. खोली झाडून ठेवली, मच्छरदानी लावली. चहा उकळून राह्यला. अन मासोळी आनली सकाळचीच, एकदम ताजी.

रुखमाबाई : थांब. इकडं पाह्य. तू नजीर नव्हं? अब्दुल गनीचा नजीर? आमच्या बाजूचा?

नजीर : हाव बाई. बोरटेकचाच. पाच साल झाले इथी. चौकीदार बी मीच, खानसामा बी मीच.

रुखमाबाई : माह्या मायच्या हातची भाकर खाल्ली तू. अन ज्या पान्यात तिचं घर गेलं, त्या पान्यातली मासोळी मले खाऊ घालतं? माह्या घशाखाली उतरन का ते?

नजीर : गलती झाली बाई. पिठलं करतो. भाकरी टाकतो.

रुखमाबाई : काही नको टाकू. मले तुह्या साहेबासंग जेवाचं नाही. तुह्या साहेबानं काय केलं ते तुले त ठाव हाय. सांग, हाय का नाही ठाव?

नजीर : बाई, मी... चहा पाहून येतो.

हिंमतराव : नजीर, थांब इथंच. चहा उतू गेला तर जाऊ दे.

रुखमाबाई : हाव, थांब. तू बी आईक. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. गावात लाल आकड्याचे दगड लावत कोन फिरे? हे! चावडीवर सांगतलं कोनं? यायनंच! दगडाच्या खाली जे असन ते पान्यात, वर असन ते कोरडं. आमचं घर होतं दगडाच्या वर. बुडनाऱ्या घरायची यादी कराले बाबू आला, त्यानं बी तसंच लिहिलं. सारं गाव उठून गेलं, आमी बसलो निवांत, आपलं घर कोरडं म्हनून. अन पोळ्याच्या दिवशी पानी आलं त थेट चुलीत! भिंती भसाभस बसल्या. यादीत नाव नाही म्हनून नव्या गावात जागा बी सगळ्याच्या मागून भेटली, नाल्याच्या काठची. सख्ख्या जावयानं दगड लावला, अन सासऱ्याचंच घर बुडालं!

हिंमतराव : मोतीराम बोलतो तेच तू बोलतेस.

रुखमाबाई : बोलनच त! भाऊ हाय माहा. सहा वर्सं झाले, दारात उभं करत नाही तो मले. मायले न्यायच्या दिवशी बी अंगनाच्या बाहीर उभी राह्यली मी. लोकायच्या खांद्यावरून पाह्यलं मायचं तोंड. भाऊबीजेले काय करतो मी, पाह्यता ना तुमी दरसाली? चंद्राले ओवाळतो. भाऊ जिता हाय माहा, अन मी बिनभावाच्या बाईवानी चंद्राले ओवाळतो! कोनाच्या पायी? तुमच्या चुकीच्या दगडापायी!

हिंमतराव : दगड चुकीचा नव्हता! दुर्बीण लावून तीन वेळा पाहिलं होतं मी. बोटाचासुद्धा फरक नव्हता!

रुखमाबाई : मंग घर कसं बुडालं?

हिंमतराव : ते माझ्या तोंडून नाही निघायचं.

रुखमाबाई : पाह्य नजीर, पाह्य. सहा वर्सं हेच चाललं. इथपर्यंत येतात, अन तोंडाले कुलूप. अवो, खोटं तरी बोला एखांदं! भांडा! मले दोन शिव्या द्या! हे मुकं बसनं नाही सोसत आता मले.

हिंमतराव : नजीर. तुला कार्ड टाकलं होतं मी. पोचलं ना?

नजीर : पोचलं साहेब.

हिंमतराव : मग सांग.

नजीर : साहेब, आज चौकीदारीवर माहे चार लेकरं जगून राह्यले. बात फुटली तर...

हिंमतराव : तुझ्या नोकरीला धक्का लागला तर माझी देईन. सांग तू.

रुखमाबाई : काय चाललं हे दोघायचं? कायचं कार्ड? नजीर, माह्याकडं पाहून बोल.

नजीर : बाई, साहेबानं दगड बराबर लावला होता. तुमच्या घराच्या वरतं, मांगच्या गोठ्यात. तिथून मी हालवला. पहारीनं काढला, डोक्यावर घेतला, अन घराच्या पुढं खालतं, निंबाखाली नेऊन रवला.

रुखमाबाई : तू? तू हालवला? अरे मुडद्या, आमचं काय वाकडं होतं तुह्यासंग? कोनं शिकवलं तुले? नाव सांग त्याचं, आत्ताच्या आत्ता सांग! त्याचं वाटोळं...

नजीर : नका बाई! शाप नका देऊ. सरस्वतीकाकूनं सांगतलं होतं.

(रुखमाबाई उठून उभी राहिली. ट्रंक पायरीवरून गडगडत खाली गेली, तिच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. शापाचा उरलेला शब्द तोंडात तसाच राहिला होता. तो आता गिळायचा कसा, एवढंच तिला समजत नव्हतं.)

रुखमाबाई : माह्या मायनं?

नजीर : हाव. मले म्हने, नजीर, हा देव शेन-मुतात कसा बसन रे? गाय त्याच्यावर पाय देते. माहं पाप वाढते. उचल त्याले, निंबाखाली ओटा घालू. मी उचलला. काकूनं मंग शेंदूर लावला, दर शनवारी तेल घाले. मोतीरामभाऊ तवा मलकापूरले जिनिंगात. पंधरा दिसानं आला, त दगड निंबाखालीच पाह्यला त्यानं. अन यादीवाला बाबू आला, तोही तेच पाहून लिहून गेला.

रुखमाबाई : देव? सरकारी दगडाले देव म्हने माय? इतकी खुळी नव्हती ते. पटकीच्या सालात गाव पळालं, त एकली राह्यली होती ते घरात!

नजीर : खुळी कायले बाई? लाल रंग होता त्याले. अन नारळ फोडून बसवला होता.

रुखमाबाई : नारळ कोनं फोडला?

हिंमतराव : मी.

रुखमाबाई : काऊन?

हिंमतराव : गावातला पहिला दगड होता. कामाची सुरुवात म्हणून फोडतात सगळीकडं. सासुरवाडी होती. काकूंनीच नारळ आणून दिला, हळदकुंकू दिलं. मी फोडला, चहा घेतला आणि पुढच्या दगडाला निघून गेलो. पाणी येईपर्यंत पुन्हा तिकडं फिरकलोच नाही.

रुखमाबाई : अन हा दगड कायचा, हे सांगतलं तिले?

हिंमतराव : चावडीवर सगळ्यांना सांगितलं होतं की!

रुखमाबाई : चावडीवर! चावडीवर बाया बसतात का हो? बाप्या मानसाइले सांगतलं अन मोकळे झाले. ज्या बाईच्या गोठ्यात तुमी दगड रोवला, तिच्याच हातचा चहा पिता पिता दोन शब्द नाही सांगता आले? जावयानं नारळ फोडून बसवला म्हनल्यावर देव नाही समजन त काय समजन ते?

हिंमतराव : ते माझं चुकलं. सहा वर्षं तेच मनात घोळतंय. दगड बरोबर लावला आणि माणसाशी बोललो नाही.

रुखमाबाई : अन मंग? समजल्यावर काऊन नाही बोलले? मले, मोतीरामले?

हिंमतराव : काय करू मंग मी! पानी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बुढीनं मले एकट्याले बलावलं. ओल्या लुगड्यानं बसली होती. माहा हात धरला अन सोताच्या डोक्यावर ठेवला. म्हने, जावईबापू, घर मी बुडवलं. मोतीरामले समजलं त तो माह्या हातचं पानी घेनार नाही. तुमी तुमच्या तोंडानं कोनाले सांगसान नाही. सांग, काय म्हनू मी? सासू पाया पडाले वाकली होती माह्या!

रुखमाबाई : म्हनून मले इथी आनलं. नजीरच्या तोंडून वदवाले.

हिंमतराव : माझ्या तोंडानं सांगणार नाही, एवढंच वचन होतं. चैत्रात त्या गेल्या. दिवाळी आठ दिवसांवर आली. यंदा तुला चंद्राला ओवाळताना पाहणं माझ्यानं झालं नसतं, रुखमा.

रुखमाबाई : मोठे आले वचन पाळनारे! तुमाले वाटते, आता मी रडीन, तुमचे पाय धरीन? माय सहा वर्सं मोतीरामच्या घरात चोरावानी जगली. हा नजीर नोकरीच्या भेवानं गप. तुमी वचनापायी गप. अन मी? तुमच्यासंग एका ताटात जेवली नाही, धड बोलली नाही. माहे सहा वर्सं कोन वापस देते? तिघायनं मिळून मले खोट्या रागात ठेवलं!

हिंमतराव : मग आता खरा राग कर.

रुखमाबाई : करूनच राह्यली! ...नजीर, तो दगड कुठी हाय?

नजीर : आहे बाई. मांगच्या सालच्या उन्हाळ्यात पानी आटलं, तवा गाळातून काढून आनला. रसोईच्या मांगं ठेवला, सावलीत. मी शेंदूर नाही लावत, आमच्यात चालत नाही. पन त्याच्यावर पाय बी नाही देऊ दिला कोनाले.

रुखमाबाई : आकडा दिसते का त्याच्यावर अजून?

नजीर : दिसते. सतरा. पान्याची हद्द दाखवनारा बान बी दिसते.

रुखमाबाई : शेंदूर?

नजीर : फटीत राह्यला थोडा. काकूचाच आहे तो.

रुखमाबाई : असू दे. पुसू नको. उद्या मोतीरामले घेऊन येतो मी. खोली उघडी ठेव. आपल्या डोयानं पाह्यन तो.

हिंमतराव : मोतीरामला सांगणार तू? काकूंनी...

रुखमाबाई : वचन तुमी देल्लं, मी नाही. माय चुकली. देव समजून चुकली, चोरी नाही केली तिनं. तिच्या लेकाले ते समजाले पाह्यजे. अन नाही समजलं, त दारातून हाकलन. ते मले सवयीचं हाय आता.

नजीर : बाई, चारची गाडी नव्या बोरटेकवरूनच जाते. भाकरी टाकू का?

रुखमाबाई : टाक. चार मानसाच्या टाक, अन पिठलं बांधून दे. भावाच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?

हिंमतराव : मी येऊ?

रुखमाबाई : येसान नाही त काय? ट्रंक उचला ते. अन गाडीत माह्या बाजूले बसलं त चालन, पन बोलू नका माह्यासंग. सहा वर्सं गप राह्यले, तसे त्याच्या दारापर्यंत अजून गप राहा. तिथी मी बोलीन.