शिरीषाच्या जबाबदारीचा कागद

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर स्थानापन्न झालेले कार्यकारिणीचे सर्व सभासद, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या ग्रंथपाल बाई, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या वाचक बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालक ताईंनी मघाशी कानात सांगितलं, "भरकटू नकोस." प्रयत्न करीन. माझं शिक्षण नववीत थांबलं आणि त्यानंतर मी स्वतः कुठेच थांबलो नाही. सर्कशीचे तंबू ठोकले, बोटीवर दोर ओढले, एका डोंगरावर चार महिने मेंढ्या राखल्या. त्यातली एक मेंढी फक्त मागे मागेच चालायची... पण ते राहू द्या. सांगायचं इतकंच की या वाचनालयाचा मी सभासदसुद्धा नव्हतो. मग बाईंच्या निरोपाला मी का बोलतोय? कारण बाईंनी तोंडावर काम नाकारलेला माणूस या सभागृहात बहुधा मी एकटाच असेन.

चार वर्षांपूर्वी आवारातल्या शिरीषाची एक फांदी वाऱ्यानं मोडली आणि सायकलींच्या रांगेवर पडली. कोणाला लागलं नाही. अध्यक्षांच्या सायकलीची घंटी तेवढी कामी आली. कार्यकारिणीनं ठरवलं, झाड मुळासकट काढायचं. बाई म्हणाल्या, आधी जाणत्या माणसाला दाखवू. त्यावर आपले अध्यक्ष म्हणाले, आणि साहेब, चुकत असेन तर थांबवा, "बाई, उद्या कोणाच्या डोक्यात फांदी पडली तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "लिहून देते."

आणि दिलं. मी ग्रंथपाल आहे तोवर या झाडाची जबाबदारी माझी, अशा मजकुराचा तो कागद कार्यालयात आहे. बाईंची नोकरी आज संध्याकाळी संपते, म्हणजे कागदही संपतो. सोमवारच्या बैठकीत विषय क्रमांक दोन आहे झाड. काढायचं की ठेवायचं. तेव्हा मंडळी, आज आपण एका व्यक्तीला निरोप देतोय की दोघांना, हे अजून ठरायचं आहे.

तर त्या वेळी मी करवत खांद्यावर टाकून दारोदार हिंडत होतो. फाटकावर 'झाडाच्या कामाला माणूस हवा' अशी पाटी वाचली आणि आत शिरलो. बाईंनी समोरच्या खुर्चीवर बसवलं, वही उघडली.

"काय करणार सांग."

"दुपारपर्यंत सफाचट करतो, बाई."

"सफाचट नकोय. झाड ठेवायचंय."

"मग शेंडा उडवू. हलकं होईल."

"शेंडा उडवल्यावर पुढे काय होतं?"

"फुटतं की परत."

"कसं फुटतं?"

आता खरं सांगतो, मंडळी. मी पन्नासेक झाडांचे शेंडे उडवले असतील, पण त्यातल्या एकाही झाडाकडे परत गेलो नव्हतो. काम झालं की पुढचं गाव. कसं फुटतं ते मला काय माहीत?

बाई थांबल्या नाहीत. फांदी सोडणार कशी, छपरावर आली तर? होऊन जाईल. तू पडलास तर? होऊन जाईल. विमा? फांद्यांचा ढीग कोण उचलणार? घरटं सापडलं तर? मी म्हणेन ते त्या शांतपणे लिहून घेत होत्या. शेवटी वही माझ्याकडे फिरवली. "बरोबर लिहिलंय का बघ." एकाखाली एक, माझी पाच 'होऊन जाईल'. ती वाचून मीच मला काम दिलं नसतं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या दुसरे एक गृहस्थ येतायत. तूही ये. कोपऱ्यात बस आणि ऐक."

"मला काय मिळणार?"

"चहा."

आलो. दुसऱ्या दिवशी जे गृहस्थ आले त्यांना सगळे झाडांचे डॉक्टर म्हणतात. त्यांना ते आवडत नाही, पण आज ते पहिल्या रांगेत आहेत आणि माईक माझ्याकडे आहे. डॉक्टरांच्या हातात करवत नव्हती, एक लाकडी मोगरी होती. त्यांनी झाडाला तीन फेऱ्या मारल्या, खोडावर ठोकत, कान लावत. मग विचारलं, "गेल्या काही वर्षांत मुळाशी खोदकाम झालंय?" कोणाला आठवेना. शिपाईमामांना आठवलं, पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. तेवढ्यावर डॉक्टरांनी मान हलवली, जणू झाडानं त्यांना आधीच सांगितलं होतं.

बाईंनी तेच प्रश्न त्यांनाही विचारले. सवलत नाही. शेंडा उडवला तर? डॉक्टर म्हणाले, "झाड घाबरतं. मग जिवाच्या आकांतानं काठ्यांसारखे फुटवे काढतं, पण ते वरवर चिकटलेले असतात. काही वर्षांनी तेच तुटून डोक्यात पडतात." मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. मनात ती पन्नास झाडं मोजत होतो.

मग त्यांनी एकेक शब्द उलगडला. विरळणी म्हणजे आतल्या मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून वाऱ्याला वाट देणं. झाडाची उंची तीच राहते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखं वळं असतं. कापायचं ते वळ्याच्या बाहेर, कारण जखम तेच भरून आणतं. आधी खालून खाच, मग वरून करवत, नाहीतर साल सोलत खाली येते. बाई लिहीत होत्या आणि न कळलेलं पुन्हा विचारत होत्या. किती शिकलेल्या बाई, हजारो पुस्तकांच्या मालकीण, आणि "मला हे कळलं नाही" म्हणताना जरा म्हणून संकोच नाही. मी कमी शिकलेला, पण ते वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्या दिवशी चहा पिताना बाईंसमोर पहिल्यांदा निघालं.

करारनाम्यात शेवटी बाईंनी स्वतःची एक अट घातली: वर गेल्यावर काही वेगळं दिसलं तर काम थांबवायचं आणि बाईंना दाखवायचं.

"फोटो काढून दाखवीन," डॉक्टर म्हणाले.

"दाखवायचं म्हणजे दाखवायचं."

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

"काल काम मागायला आला होता. काही येत नाही, पण आज ते कबूल करतो."

"दोर धरता येतो?"

बोटीवर शिकलो होतो. अशी मला नोकरी लागली.

कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वरूनच ओरडले, "थांबा." वाचनकक्षाच्या छपरावर झुकलेली मोठी फांदी, जिची सावली बाईंच्या टेबलावर पडायची, तिच्या बुडाशी ढोली निघाली होती. खालून दिसत नव्हती, मोगरीलाही कळली नव्हती. आणि हीच फांदी राहील असं बाईंनी भर बैठकीत सांगितलं होतं.

डॉक्टर खाली आले. "बाई, ही ठेवतो असं मी लिहून दिलंय. ठेवता येणार नाही असं वाटतं."

"वाटतं?"

"तुम्ही बघा."

बाईंनी चपला काढल्या, चष्मा दोरीला बांधला आणि कमरपट्टा मागितला. तोवर अख्खं वाचनालय अंगणात आलं होतं. अध्यक्षही आले. "बाई, खाली या. वय बघा तुमचं."

"वय माझ्याबरोबरच वर चाललंय," बाई शिडीवरून म्हणाल्या.

त्यांचा दोर माझ्या हातात होता. समुद्रात वादळ बघितलंय मी, पण दोर एवढा घट्ट कधी धरला नव्हता. बाईंनी ढोलीत कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओल्या चहापत्तीसारखा भुगा होता. मग डॉक्टरांची मोगरी मागून घेतली आणि स्वतः ठोकत गेल्या. फांदीवर पोकळ आवाज, खोडावर भरीव. पुन्हा खोड, चारही बाजूंनी. भरीव.

"फांदी कापा," त्या म्हणाल्या.

खाली आल्या त्या थेट अध्यक्षांसमोर. हातावर भुगा तसाच. "ती फांदी राहील असं मी म्हणाले होते, ते चुकलं. झाड राहील म्हणाले होते, ते बरोबर होतं."

सांगा मंडळी, खुर्चीवर बसलेल्या किती माणसांना ही दोन वाक्यं एका दमात बोलता येतात? पहिलं म्हणणारा दुसरं म्हणायला घाबरतो, आणि दुसरं म्हणणारा पहिलं गिळून टाकतो.

ती फांदी आम्ही तुकड्यातुकड्यांनी दोरावरून उतरवली. छपराचं एक कौल हललं नाही. बाईंच्या टेबलावर तेव्हापासून ऊन येतं. त्यांनी टेबल सरकवलं नाही, खिडकीला पडदा लावला.

त्यानंतर दर वर्षी वाऱ्याचे दिवस सुरू व्हायच्या आधी तपासणी होते. डॉक्टरांचे गुडघे आता वर जाऊ देत नाहीत, म्हणून मी चढतो. कुठेही असलो तरी येतो. यंदा चढलो तेव्हा त्या कापाचं वळं चारी बाजूंनी आत सरकलेलं दिसलं. मी तिथेच बसून राहिलो. आपण केलेलं काम पुढे कसं होतं, ते बघायला आयुष्यात प्रथमच मी परत परत आलो होतो.

आज सकाळी बाईंकडे गेलो. म्हटलं, "तो कागद माझ्या नावावर करा."

"तू असतोस कुठे?"

"असेन कुठेतरी."

"हे उत्तर लिहू का?"

मग बसलो आणि लिहिलं. वर्षातून दोन तपासण्या, तारखांसह. वादळानंतर आठ दिवसांच्या आत तिसरी. मी ठरल्या दिवशी पोचलो नाही तर कोणाला बोलवायचं, त्या माणसाचा पत्ता आणि त्याची संमती. काही वेगळं दिसलं तर काम थांबवून दाखवायचं. बाईंनी दोनदा परत लिहायला लावलं, तेव्हा कुठे मान हलवली. खाली माझी सही आहे. शेजारची जागा कार्यकारिणीच्या अध्यक्षांची आहे आणि ती मोकळी आहे. साहेब, सोमवार कशाला? बाई अजून पदावर आहेत, डॉक्टर समोर आहेत, झाड खिडकीतून दिसतंय.

बाई, तुमचे आभार मानायला मला नीट शब्द येत नाहीत, आणि येत नाही हे कबूल करायला तुम्हीच शिकवलंत. डॉक्टरांचे आभार, शिपाईमामांच्या स्मरणशक्तीचे आभार, आणि पाचाची पंधरा मिनिटं होऊनही माईक न काढून घेणाऱ्या ताईंचे विशेष आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. कागदातलं मात्र काही सोडू नका, साहेब. वाचा, अडेल तिथे विचारा. उत्तरं द्यायला मी इथेच उभा आहे.