लाल गाडीतला चिखल

ओहायोत अपघाती गाड्यांचा लिलाव होता. फाटक उघडेपर्यंत रांगेत उभा होतो. पुढे गॅरेजवाले वेंडेलकाका आणि एक तरतरीत बाई.

"काका, ती लाल गाडी मी आज घेऊनच जाणार!"

"हळू बोला बाई, लोक भाव चढवतील. आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आत चिखल निघाला तर गाडी पुरात बुडालेली समजायची."

"पूर कुठला? हरीण धडकलंय. इंजिन ठणठणीत आहे!"

"असं सगळेच सांगतात. तुम्हाला कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? चालवत मीच होते! विमावाल्यांनी भंगारात काढली."

"भरपाई मिळाली ना? मग नवी घ्या की!"

"मागच्या सीटवर माझी मुलगी जन्मली, काका! दवाखाना गाठेपर्यंत तिला दम कुठला!"

"अस्सं! मग फाटक उघडलं की त्या गाडीकडे ढुंकूनही बघू नका. मी पट्टा ओढतो आणि बोंब ठोकतो, चिखल निघाला म्हणून!"

"आणि हे मागचे सगळं ऐकतायत, त्यांचं काय?"

"काय हो, घेणार का लाल गाडी?" काकांनी मागे वळून मला विचारलं.

"छे!" मी म्हणालो. "बुडालेली गाडी कोण घेतं?"